कोणाले समजणारच नाही

नवतप्याचे, मे अखेरच्या कडक उन्हाचे दिवस होते. मुलाच्या ॲडमिशनच्या फॉर्मला लावायला पासपोर्ट फोटो हवे होते, म्हणून भर दुपारी नागपूरच्या महाल भागात बडकस चौकाजवळच्या एका स्टुडिओत गेले. स्टुडिओ म्हणजे एक अरुंद गाळा. पुढे काउंटर, मागे निळा पडदा, मधे कॉम्प्युटर आणि दाराशी कूलर. वाळ्याचा ओला वास आणि प्रिंटरमधून नुकत्याच निघालेल्या कागदाचा वास एकमेकांत मिसळलेला. माझ्या आधी एक काकू येऊन बसल्या होत्या, साठीच्या आसपासच्या. उन्हासाठी डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडून त्यांनी मांडीवर ठेवला होता. पर्समधून त्यांनी बसच्या पाससाठी मिळतं तसं प्लॅस्टिकचं पाकीट काढलं आणि त्यातून नखानं अलगद एक फोटो बाहेर ओढला. ब्लॅक अँड व्हाइट, पासपोर्ट साइझ, ऑफिसच्या ओळखपत्रावरून सोडवलेला. एका खांद्यावर जांभळ्या शिक्क्याची अर्धी गोलाई उमटलेली. दुसरा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये होता, त्यांचा स्वतःचा, नव्या साडीतला, लेकीनं गॅलरीत उभं करून काढलेला.

"दोघांचा मिळून एक करून दे बापा. पोरीच्या लग्नात मंडपात लावाचा आहे."

कॉम्प्युटरवरच्या मुलानं ओळखपत्रावरचा फोटो उजेडात धरून पाहिला. "लय लहान आहे जी काकू. दुसरा नाही काय घरी?" नव्हता. हाच एक. मग त्यानं तो स्कॅनरवर ठेवला आणि आम्ही तिघंही स्क्रीनकडे पाहत राहिलो. काकाजी पस्तिशीचेही नसावेत. दाट केस, बारीक मिशी, कॉलरचं वरचं बटण लावलेलं. मुलगा जरा घुटमळला आणि म्हणाला, "काकू, काकाजी तुमच्याजवळ लय तरुण दिसतीन. म्हणान तर केस थोडे पिकवून देतो." काकू लगेच म्हणाल्या, "नको. होते तसेच राहू दे." मग थोड्या वेळानं, जरा खालच्या आवाजात, "खोटा तर नाही ना वाटणार?"

"नाही जी. कोणाले समजणारच नाही."

त्यानं हे धीर द्यायला म्हटलं आणि काकूंना तो मिळालाही. मला मात्र ते वाक्य घरी येईपर्यंत पुरलं. पुढेही बरेच दिवस भाजी निवडताना, गाडी सिग्नलला उभी असताना ते मधेच वर यायचं. कोणाला समजणार नाही, हे चांगलं की वाईट?

हे काम माझ्या हातचं आहे, म्हणूनही ते इतकं लागलं असेल. लग्नाआधी मी सीताबर्डीवर डीटीपीचा कोर्स केला आणि पुढे बरीच वर्षं एका प्रेससाठी लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, श्रद्धांजलीच्या जाहिराती करून दिल्या. नवरदेवाच्या मागे डोंगर लावायचे, गेलेल्या आजोबांना पत्रिकेच्या कोपऱ्यात ढगांमध्ये ठेवायचं, ग्रुप फोटोत न आलेल्या जावयाला शेवटच्या रांगेत उभं करायचं. आपल्या शहरात असे जोडलेले फोटो पावलोपावली दिसतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एका भाऊंच्या भोवती वीस-पंचवीस डोकी गोलात बसवलेली असतात. लग्नाच्या करिझ्मा अल्बममध्ये नागपूरजवळच्या खापरखेड्याची नवरी बर्फात उभी असते. त्यातलं काहीही खरं वाटावं अशी कुणाची अपेक्षा नसते. काकूंचं काम वेगळं होतं. त्यांना तो फोटो खरा वाटायला हवा होता.

आणि तसा वाटायला लावणं फार कष्टाचं आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं की एक फोटो कापायचा आणि दुसऱ्यावर ठेवायचा. कापणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. फोटोशॉपमध्ये आम्ही खरं तर कापतही नाही, मास्क लावतो. दोन फोटो दोन लेअरवर, म्हणजे वेगवेगळ्या थरांवर, एकावर एक असतात. वरच्याच्या मास्कवर काळा ब्रश फिरवला की तेवढा भाग लपतो, पांढरा फिरवला की परत येतो. पुसलं काहीच जात नाही. केसांच्या कडेशी ब्रश अगदी बारीक करावा लागतो, नाहीतर माणूस पुठ्ठ्यातून कातरल्यासारखा दिसतो. कड थोडी मऊ करायची, पण फार केली की डोक्याभोवती धुकं येतं. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो १२०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला १२०० ठिपके धरून, स्कॅन केला तर साधारण १६५० बाय २१२५ पिक्सेल मिळतात. आठ बाय दहा इंचाची चांगली प्रिंट काढायला, इंचाला ३०० धरले तर, २४०० बाय ३००० लागतात. पण जोडीच्या फोटोत एका माणसाला जेमतेम अर्धीच जागा मिळते, म्हणून तेवढ्यात भागतं. मात्र स्कॅन मोठा करून पाहिला की त्यात कागदाचा पोत, बोटांचे ठसे, शिक्क्याची शाई असं सगळं दिसायला लागतं. जुना फोटो रवाळ आणि मोबाइलचा गुळगुळीत. मग गुळगुळीत फोटोवर मुद्दाम रवा चढवावा लागतो, रंग उतरवावे लागतात, काळा इतका काळा ठेवून चालत नाही, कारण जुन्या कागदावरचा काळा राखेकडे झुकलेला असतो.

पण खरी अडचण असते ती उजेडाची. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी अंगणात काढलेला फोटो पाहा. ऊन थेट डोक्यावर, डोळ्यांच्या खोबणीत अंधार, नाकाची सावली सरळ ओठावर. तोच माणूस डिसेंबरात फुटाळा तलावावर संध्याकाळी उभा करा, अर्धा चेहरा सोनेरी आणि अर्धा शांत. ही दोन तोंडं शेजारी ठेवली तर जोड कितीही बारीक असो, पाहणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं. काय खटकतं ते त्याला सांगता येत नाही. दोघं एका सूर्याखाली उभे नाहीत, एवढंच डोळ्यांना कळलेलं असतं.

काकूंच्या फोटोत गॅलरीचा उजेड डावीकडून येत होता आणि काकाजींच्या फोटोत स्टुडिओचा दिवा उजवीकडून. मुलानं जे केलं ते घाईत कुणीही करतं. काकाजींचा फोटो त्यानं आडवा उलटवला. एका क्लिकचं काम. दोघांवर उजेड एकाच बाजूनं पडायला लागला आणि ते पहिल्यांदा एका जागी उभे असल्यासारखे दिसले. मला तर वाटलं, जमलं.

काकू पुढे वाकल्या. चष्मा वर सरकवला. "यांचा भांग इकडून नव्हता."

मुलगा म्हणाला, "थोडं उलटवलं जी, उजेड जमाले." काकूंनी मान हलवली आणि आपल्या डोक्यावर हात नेऊन बोटानं दाखवलं, इथून पाडायचे आणि मागे असा हात फिरवायचे. नवऱ्याला जाऊन पंचवीस-तीस वर्षं झाली असावीत. इतक्या वर्षांत रोज समोर होता तो हाच एक फोटो, तरी मला नाही वाटत की त्यांनी भांग फोटोवरून ओळखला. त्यांचा हात ज्या सवयीनं वर गेला, ती सवय फोटोतून येत नाही. आपला स्वतःचा चेहरा आपण आरशातच पाहत आलेलो असतो, म्हणून आपला उलटा फोटो आपल्याला खटकत नाही, उलट बराच वाटतो. तो खटकतो समोर बसून जेवणाऱ्याला. काकाजी स्वतः तिथे असते तर म्हणाले असते, चांगला आला आहे, छाप. उलटवलेल्या फोटोत बाकीही बरंच बदलतं. शर्टाचा खिसा डावीकडून उजवीकडे जातो, बायकांचा पदर उजव्या खांद्यावर येतो, गालावरचा तीळ कूस बदलतो. प्रेसमध्ये असताना मी पदरावरून असे फोटो पकडायची. भांगावरून कुणी पकडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मुलगा चांगला होता. त्यानं काही न बोलता फोटो परत सुलटा केला आणि काकूंचाच उजेड वळवायला बसला. गालाची एक बाजू हळूहळू गडद, दुसरी हलकी, मानेखाली सावली वेगळ्या लेअरवर. त्याला बराच वेळ लागला. माझे फोटो केव्हाच छापून झाले होते, तरी मी बसून राहिले.

दोन फोटोंचा एक करण्याची ही हौस कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची. १८५७ साली इंग्लंडमध्ये ऑस्कर रेयलँडर नावाच्या फोटोग्राफरनं तीसहून जास्त निगेटिव्हांमधून एकच मोठा प्रसंग उभा केला. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सननं पाच निगेटिव्ह जोडून मरणपंथाला लागलेली एक मुलगी आणि भोवतीचं तिचं कुटुंब दाखवलं, आणि त्यावरून मोठा वाद झाला. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे त्याच सुमाराला समुद्राचा फोटो एका काचेवर आणि आकाशाचा दुसऱ्या काचेवर घेऊन एकत्र छापायचा. त्याचा नाइलाज होता. तेव्हाचं रसायन निळ्या उजेडानं फार लवकर भाजायचं. समुद्र नीट येईपर्यंत आकाश पांढरंफटक पडायचं. म्हणजे डोळ्यांना एका वेळी जे दिसत होतं, तेच कागदावर आणायला त्याला दोन फोटो जोडावे लागले. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. आपल्याकडे राजस्थानातल्या नाथद्वाऱ्यात यात्रेकरूंच्या फोटोतला चेहरा कापून श्रीनाथजींच्या रंगवलेल्या चित्रात चिकटवत आणि बाकीचं अंग, कपडे, जोडलेले हात चित्रकार रंगानं पुरे करत. घरी नेलेल्या त्या चित्रात माणूस कायमचा देवासमोर उभा. ते पाहून कुणी फसत नव्हतं आणि कुणाची श्रद्धाही कमी होत नव्हती.

फोटोशॉप बाजारात आलं १९९० मध्ये, आणि त्यात लेअर आले ते १९९४ मध्ये. त्याआधी एक फोटो दुसऱ्यावर ठेवून सोडला की तो खालच्यात मुरून जायचा, परत वेगळा काढता येत नसे. महालातल्या, इतवारीतल्या जुन्या स्टुडिओंमध्ये तर ब्लेड, डिंक आणि ब्रशच होते. दोन फोटो कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचे, जोडाच्या कडेला करडा रंग लावायचा, आणि त्या सगळ्याचा पुन्हा कॅमेऱ्यानं फोटो काढायचा. नव्या निगेटिव्हमध्ये डिंक दिसत नसे, कात्री दिसत नसे. मूळ फोटो मात्र कापले गेलेले असत.

आमच्या घरी असाच एक होता.

आजी-आजोबांचा तो फोटो महालातल्या जुन्या घरी माजघराच्या दारावर होता. आजोबा काळी टोपी आणि कोटात, आजी नऊवारीत, मागे कठडा आणि वेल रंगवलेला पडदा. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार पडायचा. लहानपणी मी त्या फोटोवरून सगळी गोष्ट रचली होती. दोघं टांग्यात बसून सीताबर्डीला गेले असतील, आजीनं ठेवणीतलं लुगडं काढलं असेल, फोटोवाल्यानं हलू नका म्हटल्यावर दोघंही श्वास रोखून उभे राहिले असतील. ही गोष्ट मला इतकी खरी वाटायची की मी मैत्रिणींनाही सांगितली होती. कॉलेजात असताना कधीतरी बोलता बोलता आई म्हणाली, अगं, तो जोडलेला आहे. आजोबा कधी आजीच्या बाजूला उभे राहिले नाहीत फोटोला. मोठी माणसं घरात असताना बायकोच्या शेजारी उभं राहायचं नाही, असं त्यांचं होतं. मोठी माणसं गेली, तेव्हा सवय तीच राहिली. आजोबा गेल्यावर काकांनी दोन फोटो स्टुडिओत नेऊन एक करून आणला. आजी तेव्हा होती. फोटो पाहून ती काय म्हणाली ते मी आईला विचारलं. काही म्हणाली नाही, पदरानं काच पुसली, एवढंच आईला आठवत होतं.

या फोटोबद्दल मला आजवर एक काही ठरवता आलेलं नाही. काकांनी जे केलं ते मायेपोटी केलं. आपल्या आईला जन्मभर जी जागा मिळाली नाही, ती त्यांनी तिला कागदावर मिळवून दिली, आणि ती काच पुसताना तिला बरं वाटलं नसेल असं मी म्हणणार नाही. पण त्याच फोटोमुळे आमच्या पुढच्या पिढीला ती जागा तिला मिळालीच नव्हती, हे कळायची सोय उरली नाही. माझा भाचा तो फोटो पाहून म्हणाला होता, पणजोबा किती मॉडर्न होते ना, त्या काळात बायकोसोबत स्टुडिओत गेले. आपल्या नागपुरात सरकारी नोकरीवाल्यांची कितीतरी घरं अशी आहेत, की नवरा-बायकोचा दोघांचाच असा पहिला फोटो पेन्शनच्या कागदांसाठी निघाला. फॉर्मला जोडीचा फोटो लागतो म्हणून. त्या फोटोंमध्ये दोघं अवघडून बसलेले असतात, मधे बोटभर जागा सोडून. तो अवघडलेपणा त्यांच्या संसाराचा आहे. जोडलेल्या फोटोत तो येत नाही. तिथे अंतर ऑपरेटर ठरवतो.

आता तर अंतराचाही प्रश्न उरलेला नाही. स्टुडिओतला तो मुलगा काम करता करता सांगत होता, लोक येतात आणि म्हणतात एआयनं करा. बाबांनी खांद्यावर हात ठेवलेला पाहिजे, आईनं हसून पाहिलं पाहिजे, बाळाला कडेवर घेतलेलं पाहिजे. मोबाइलवर पाच मिनिटांत होतं. माझ्या मते इथे एक रेघ आहे आणि ती ओढायलाच हवी. मास्क लावून जोडलेल्या फोटोत उजेड वळवलेला असेल, रवा चढवलेला असेल, पण चेहऱ्याची प्रत्येक रेषा कधीतरी कॅमेऱ्यासमोर असलेल्या त्या माणसाचीच असते. एआयला मिटलेल्या ओठांच्या माणसाला हसवायला सांगितलं की त्याला दात द्यावे लागतात, आणि ते दात त्या माणसाचे नसतात. ते कुठून आले हे कुणी सांगू शकत नाही. ज्या बाईला भांगाची बाजू आठवते तिला दात आठवत नसतील काय? पण तिची लेक, जिनं बापाला नीट पाहिलंच नाही, ती तेच हसू बापाचं म्हणून जपेल. मला याची भीती वाटते. केस पिकवून देतो म्हटल्यावर काकू लगेच नको म्हणाल्या, ते मला म्हणून फार मोलाचं वाटलं. नवरा आपला मुलगा शोभावा असा तो फोटो होईल हे त्यांना समोर दिसत होतं. तरी जे वय काकाजींच्या वाट्याला आलंच नाही, ते काकूंनी त्यांच्या चेहऱ्यावर चढू दिलं नाही.

मंडपात तो फोटो पाहणाऱ्यांना समजेलच. तरुण नवरा आणि म्हातारी बायको शेजारी उभे पाहिल्यावर काय झालं असेल ते कुणाला सांगावं लागत नाही. तिथे जोड लपूनही वर्षं दिसत राहतात. आमच्या आजी-आजोबांच्या फोटोत मात्र दोघं वयानं शोभतात, उजेड जुळतो, पडदा एक आहे. तिथे खरंच कोणालाही समजत नाही.

म्हणून पाऊस सुरू झाल्यावर मी तो फोटो फ्रेममधून काढला. मागच्या पुठ्ठ्याला वाळवी लागायच्या आत स्कॅन करून सगळ्या चुलत-आते भावंडांना प्रिंट द्यायची, असं आधीपासून मनात होतंच. स्कॅन मोठा करून मी आजीच्या कडेनं सरकत होते, जुन्या कारागिराचं काम पाहत. फार सफाईचं होतं. कानाजवळ ब्लेड कुठे वळलं ते कष्टानं सापडलं. मग डाव्या खांद्यावर पदराच्या चुण्यांपाशी थांबले. चुण्या वरून खाली जात होत्या आणि त्यांना आडवे चार लहान उंचवटे होते, एकमेकांना लागून, टोकाला गोल. त्यांच्यावरून ब्रशनं पदराचा रंग फिरवला होता, पण खालची सावली तशीच राहिली होती. बोटं होती ती. ग्रुप फोटोतून आजीला कापून घेताना तिच्या खांद्यावरचा कुणाचा तरी हात सोबत आला होता, आणि कारागिरानं तो पदरात मिसळून टाकला होता.

सक्करदऱ्याला आत्याकडे लॅपटॉप घेऊन गेले. तिला आता कमी दिसतं, म्हणून तो खांदा स्क्रीनभर मोठा करून दाखवला. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "मोठी आई आहे ना ते. काकाच्या लग्नात काढला होता सगळ्या बायकांचा. ती नेहमी अशीच हात ठेवून उभी राहे आईच्या खांद्यावर." मला मोठी आई माहीत होती ती फक्त भांडणातली. घराची वाटणी झाली, मधे भिंत आली, आणि दोघी जावा एका आडाचं पाणी भरत असून एकमेकींशी बोलत नव्हत्या, एवढंच आमच्यापर्यंत पोचलेलं. आत्या मग बोलतच राहिली. दोघी मिळून संक्रांतीचा हलवा करायच्या, एकीला ताप आला तर दुसरी तिच्या लेकरांची वेणीफणी करायची. भिंत झाली त्या वर्षी आजीनं हलवा केलाच नाही. चहा निवून गेला तरी तिचं थांबेना, आणि मी मधे मधे तारखा विचारत सगळं लिहून घेत होते.

भावंडांना प्रिंट पाठवल्या त्या उंचवट्यांसकट. तो हात परत काढता येत नाही, तो कारागिराच्या रंगाखाली कायमचा गेला, आणि काकाच्या लग्नातला तो मूळ फोटो कुणाकडेच निघाला नाही. पण प्रत्येक प्रिंटच्या मागे मी बॉलपेननं लिहिलं: हा फोटो दोन फोटो जोडून केलेला आहे. आजोबांचा फोटो वेगळा होता, आजीचा काकांच्या लग्नातल्या ग्रुपमधला. दोघांनी एकत्र फोटो कधी काढला नाही. आजीच्या डाव्या खांद्यावर मोठ्या आईचा हात आहे. पुढे हलव्याचं आणि भिंतीचं लिहायला घेतलं, तर जागा पुरेना. ते वेगळ्या कागदावर लिहून मागे चिकटवलं.